भोंग्याच्या वेळचा भाव

१

अप्पा जिन्याच्या पायथ्याशी पडले होते आणि जिना वरपासून खालपर्यंत ओला होता.

मी गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन उतरत होते. कपडे तिथेच टाकले आणि कठड्याला धरून खाली धावले, तरी दोनदा पाय सटकला. माझ्या सासऱ्यांच्या कपाळातून रक्त येत होतं. श्वास चालू होता, पण हाक मारली तर डोळे उघडत नव्हते. मी जीव खाऊन ओरडले. पुढच्या चष्म्यांच्या दुकानातून माझा नवरा धावत आला. मागच्या खोलीतून जावईबापू आले, मागच्या दाराने अप्पांचे मित्र मास्तर आले, आणि वरून ओल्या केसांनी वन्सं आल्या. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, जावईबापूंची बायको.

वन्संनी आधी वडिलांकडे पाहिलं, मग जिन्याकडे, मग माझ्याकडे. सगळ्यात वरच्या पायरीवर माझी फरशी पुसायची बादली उभी होती.

"जिना पुसून तसाच ओला ठेवलास?" त्या म्हणाल्या.

"मी पुसलाच नाही. बादली भरून वर दाराआड ठेवली होती. कपडे आणून मग पुसणार होते."

"मग हे पाणी काय आभाळातून पडलं?"

ते शोधायला वेळ नव्हता. अप्पांना दवाखान्यात नेलं. डोक्याला आतून सूज आहे, शुद्धीवर कधी येतील सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. संध्याकाळपर्यंत आमच्या अख्ख्या गल्लीला कळलं होतं की सुनेच्या निष्काळजीपणाने सासरा मरणाच्या दारात आहे. वन्संचा आवाज तसा खणखणीत आहे, बातमी पोचवायला त्यांना वेळ लागत नाही.

त्या संध्याकाळी नवऱ्याने मला विचारलं, "तू खरंच पुसला नव्हतास ना?"

"नाही," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना त्याने तेच पुन्हा विचारलं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मला वाटलं काळजीने विचारतोय. दुसऱ्यांदा तसं वाटलं नाही. अप्पांचं काही बरंवाईट झालं तर ह्या घरात मी जन्मभर त्यांना मारणारी म्हणूनच राहणार होते, आणि माझा स्वतःचा नवरा मनातून तेच मानणार होता. मी कप खाली ठेवला आणि माझ्या आत्याला फोन लावला.

२

माझी आत्या विमा कंपनीत होती. लोक नुकसानभरपाई मागायला आले की ते खरं बोलतात की थापा मारतात, हे जाऊन बघायचं तिचं काम. निवृत्त झाली तरी खोड गेलेली नाही. भाजीवाल्याने आपणहून दोन मिरच्या जास्त टाकल्या तरी ती थांबून त्याच्या तोंडाकडे बघते.

ती आली, पाणीसुद्धा न पिता जिन्याजवळ गेली आणि मला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं.

आमचं घर सरळ आहे. पुढे दुकान, त्यामागे बोळ, बोळाच्या पलीकडे मागची खोली. वर जाणारा जिना बोळातूनच निघतो आणि मागच्या गल्लीचं दारही तिथेच आहे. दुकान हल्ली माझा नवरा बघतो. मागच्या खोलीत अप्पांचा संगणक असतो, कारण दुकान सोडल्यापासून अप्पांना एकच नाद लागला होता. शेअरचे भाव फुकटात कुठे बघायला मिळतात ते शोधायचं.

"म्हणजे शेअर घ्यायचे-विकायचे?" आत्याने विचारलं.

"घ्यायचे कुठले! आहेत ते कधीचे पडून आहेत. नुसते बघायचे."

अप्पा आणि मास्तर, दोघं मिळून रोज नवीन काहीतरी उकरून काढत. अमुक पानावर कंपनीचं नाव टाकलं की भाव आणि आलेख दोन्ही येतात. तमुक ठिकाणी आपल्या कंपन्यांची यादी करून ठेवता येते. एका तक्त्यात सूत्र टाकलं की भाव आपोआप भरला जातो. भाव ठरावीक आकड्याच्या खाली गेला की ईमेलने इशारा देणारी सोय अप्पांना सापडली, त्या दिवशी त्यांनी मला स्वयंपाकघरातून ओढत नेऊन ती दाखवली होती. आणि ह्या सगळ्यावर येत्या रविवारी वाचनालयाच्या सभागृहात अप्पांचं भाषण ठरलं होतं. निवृत्त माणसांनी भाव बघण्यासाठी कुणाला एक पैसाही देऊ नये, असा त्याचा विषय होता.

"आणि पैसे कोणाला देतात लोक?"

"जावईबापूंना," मी म्हटलं. "त्यांचा शेअर बाजाराचा क्लास आहे. सोबत भाव दाखवणारं अ‍ॅप देतात, दरमहा वर्गणी घेऊन. आमच्या दुकानाची निम्मी गिऱ्हाइकं त्यांच्याकडे आहेत. त्यांच्या घराला रंग चाललाय म्हणून दोघं आठवडाभर इथेच राहिलेत."

आत्याने हं म्हटलं आणि वर जाऊन बादलीपाशी उकिडवी बसली. बादलीला कुणी हात लावला नव्हता. वन्संनीच लावू दिला नव्हता, पुरावा म्हणून.

"ही अशीच होती? सरळ उभी?"

"हो."

"रिकामी?"

"हो."

"अगं, मग सासरे अडखळून बादली कलंडली असती तर ती आडवी पडली असती, खाली गडगडत गेली असती. तू जिना पुसला असतास तर बादलीत गढूळ पाणी उरलं असतं आणि फडका ओला असता. तो बघ, कडकडीत वाळलेला आहे, घडीसुद्धा मोडलेली नाही." आत्या गुडघ्यांवर हात टेकून उठली. "ही बादली कुणीतरी हाताने रिकामी केली आणि परत नीट उभी करून ठेवली. पोरी, हा अपघात नाही. ह्या घरातल्या कुणीतरी दोष तुझ्या गळ्यात घातलाय."

३

मला एकदम हलकं वाटलं, आणि लगेच भीती वाटली. घरात माणसं ती किती! त्यातलाच एकजण आमच्याबरोबर जेवत होता.

अप्पा कधी पडले, ते नक्की माहीत होतं. नवरा तेव्हा दुकानात एका गिऱ्हाइकाचे डोळे तपासत होता. कारखान्याचा अकराचा भोंगा सुरू झाला आणि त्याच वेळी आत काहीतरी धप्पकन पडलं, असं तो आणि ते गिऱ्हाईक दोघंही सांगत होते.

"मग उठून बघितलं का नाहीस?" आत्याने विचारलं.

"वाटलं, वह्यांचा गठ्ठा पडला असेल. गिऱ्हाईक समोर होतं." नवऱ्याने मान खाली घातली. मला त्याची दया यायला हवी होती, पण आली नाही.

वन्सं अंघोळीला गेल्या होत्या. त्यांना भोंगाही ऐकू आला नव्हता. "आणि तुम्ही माझी चौकशी कशाला करताय?" त्या आत्यावर भडकल्या. "भाचीला वाचवायला आलात ते सरळ सांगा ना."

"भाचीला वाचवायलाच आलेय," आत्या शांतपणे म्हणाली. "तुमच्या वडिलांना वाचवायला डॉक्टर आहेत."

मग आम्ही मास्तरांकडे गेलो. खरं सांगायचं तर माझा संशय त्यांच्यावरच होता. आदल्या दिवशी अप्पा आणि मास्तर ह्यांची जोरदार जुंपली होती. भाषणात आधी संगणकावरचं पान दाखवायचं की मोबाइलवरचं, ह्यावरून! शेवटी मास्तर "तुला बघून घेईन" म्हणत पाय आपटत गेले होते. आणि पडण्याच्या दिवशी ते आमच्या मागच्या गल्लीतल्या बाकावर, दारापासून चार पावलांवर बसलेले होते.

"मित्राच्या दारात येऊन बाहेरच बसलात?" आत्याने विचारलं.

"रुसलो होतो," मास्तर ओशाळून म्हणाले. मास्तरांनी उभा जन्म शाळेत चित्रकला शिकवली, त्यांना खोटं रंगवता येत असेलच असं मी मनात म्हटलं. "वाटलं, तो येईल बोलवायला. मोबाइलवर भाव बघत बसलो होतो."

"भोंगा झाला तेव्हा काय बघत होतात?"

"बॅटरी कंपनी. अप्पाकडेही आहेत तिचे शेअर, माझ्याकडेही आहेत. एकशे अठरा होता भाव. आजवर एवढा कधी नव्हता. म्हटलं, आता रुसवा सोडायला हरकत नाही, दोघांचीही चांदी झाली." त्यांचा चेहरा पडला. "थोड्या वेळाने बघतो तर भाव कोसळलेला. तो सांगायलाच मागच्या दाराने आत धावलो, तर ही ओरडत होती."

परत येताना मी वाटेतच वर्तमानपत्र विकत घेतलं. बॅटरी कंपनीची बातमी पहिल्याच पानावर होती. गोदामाला आग लागल्याचं अकराला दहा मिनिटं कमी असताना जाहीर झालं, भाव दगडासारखा खाली आला आणि अकराच्या ठोक्याला नव्वदच्या खाली गेला होता.

मी रस्त्यातच थांबले. "आत्या, वाच हे! भोंग्याच्या वेळी भाव नव्वद होता. मास्तर म्हणाले एकशे अठरा. ते मोबाइल बघत नव्हतेच. ते घरात होते!"

४

आत्याने बातमी दोनदा वाचली आणि घडी घालून पिशवीत टाकली. चांगलं म्हणाली नाही की वाईट म्हणाली नाही. मला तिचा राग आला. गुन्हेगार हातात सापडलेला असताना ही बाई भाजी बघत चालली होती!

घरी जावईबापू मागच्या खोलीत अप्पांच्या संगणकापुढे बसले होते. आम्हाला बघून उठले आणि आत्याला आपली खुर्ची दिली. माणूस बोलायला गोड आहे, लोकांची वर्गणी काही उगाच येत नाही.

"विचारा ना, आत्याबाई. मी इथेच होतो. ह्याच खुर्चीत." त्यांनी सुस्कारा सोडला. "त्याचंच तर वाईट वाटतं. भिंतीपलीकडे अप्पा पडले आणि मला पत्ता नाही. समोर पडद्यावर बॅटरी कंपनी नव्वदच्या खाली गेली आणि त्याच क्षणी भोंगा झाला, दोन्ही एकदम. मी इतका हबकलो की कानच बंद झाले म्हणा ना."

"नव्वदच्या खाली," आत्या म्हणाली.

"एकोणनव्वद. डोळ्यांसमोरून जात नाही तो आकडा."

मी आत्याकडे विजयाने पाहिलं. हा माणूस बरोबर सांगत होता आणि मास्तर चूक.

"तुमचा स्वतःचा मोबाइल नव्हता जवळ?" आत्याने विचारलं.

"वर खोलीत चार्जिंगला होता. म्हणून तर अप्पांचा संगणक वापरत होतो."

आत्याने मान डोलावली. मग तिची नजर पडद्यावर गेली. तिथे झगमगीत निळ्या रंगात जावईबापूंच्या क्लासचं नाव दिसत होतं आणि खाली भावांचे आकडे सारखे लुकलुकत होते.

"हे अप्पा वापरायचे?"

"छे हो. हे मी कालच बसवून दिलं. आमचं अ‍ॅप, संगणकावरचं. अप्पा घरी आले की त्यांना बरं वाटेल, फुकट."

माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. अप्पांना त्या अ‍ॅपचा किती तिटकारा होता ते मला ठाऊक होतं. 'माझ्या वयाच्या माणसाला लुटतो हा,' असं ते जावयाच्या माघारी नव्हे, तोंडावर म्हणत. दवाखान्यात बेशुद्ध पडलेल्या माणसाच्या संगणकावर त्याला नको असलेली वस्तू घाईघाईने कोण बसवतं? आणि अप्पांचं रोजचं पान काढून का टाकतं?

मेजावर त्यांच्या क्लासच्या जाहिरातीचे कागद होते. आत्याने त्यातला एक उचलला, चष्मा पुसून वाचला आणि प्रथमच तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. माझ्या हातात तो कागद देऊन ती म्हणाली, "ठेव जपून."

वर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'शिळा भाव नको, थेट भाव घ्या.' मला काही बोध झाला नाही.

तेवढ्यात नवरा दवाखान्यातून आला. सूज उतरतेय, औषध कमी केलंय, उद्यापर्यंत अप्पा डोळे उघडतील असं डॉक्टर म्हणाल्याचं त्याने सांगितलं. मला आनंदाने रडूच आलं. वन्संनी देवाला हात जोडले.

"मग आज त्यांच्याजवळ मी बसतो," जावईबापू पटकन म्हणाले. "तुम्ही सगळे दमला आहात."

"नको," आत्या म्हणाली. "आज मी बसते."

"अहो, तुम्ही पाहुण्या. तुम्हाला कशाला त्रास? मी सांगतो ना, मीच बसतो."

ते हसत होते, पण खुर्चीच्या पाठीवरची त्यांची बोटं पांढरी पडली होती. मी ती बोटं बघितली आणि मला धडकी भरली.

५

आत्या रात्रभर अप्पांच्या उशाशी बसली आणि सकाळी नवऱ्याला तिथे बसवून घरी आली. बाजार उघडल्यावर तिने सगळ्यांना मागच्या खोलीत गोळा केलं. नवऱ्यालाही डॉक्टर आल्यावर बोलावून घेतलं. मास्तरही आले. ते दाराशीच उभे राहिले, कारण मीच त्यांच्याकडे अशी बघत होते की त्यांना आत यायचं धाडस झालं नाही.

"एक छोटासा प्रयोग आहे," आत्या म्हणाली. "मास्तर, अप्पा रोज बघायचे ते फुकटचं पान तुमच्याकडे मोबाइलवर आहे ना? तेच इथे उघडून द्या."

मास्तरांनी उघडून दिलं. पांढरं साधं पान, वर बॅटरी कंपनीचं नाव. तिथला आकडा मी मोठ्याने वाचला. "ब्याण्णव."

"जावईबापू, आता तुमच्या मोबाइलवरचा थेट भाव सांगा."

जावईबापूंनी खिशातून मोबाइल काढायला जरा वेळ लावला. "सत्त्याण्णव," ते म्हणाले. आवाज कोरडा होता.

"आता थांबू या," आत्या म्हणाली आणि हाताची घडी घालून बसली.

आम्ही थांबलो. दुकानात कुणीतरी येऊन हाक मारून गेलं, नवरा उठला नाही. मी मधून मधून पान ताजं करत होते. ब्याण्णव. त्र्याण्णव. पुन्हा ब्याण्णव. वन्सं चिडून म्हणाल्या, "हा काय पोरखेळ लावलाय?" जावईबापू खिडकीबाहेर बघत होते. पाव तास होत आला आणि पानावरचा आकडा चढायला लागला. चौऱ्याण्णव, शहाण्णव, आणि मग सत्त्याण्णव.

"पान खाली सरकव," आत्या मला म्हणाली. "तळाशी बारीक अक्षरांत काय लिहिलंय?"

मी वाकून वाचलं. "इथले भाव पंधरा मिनिटं उशिराचे असतात."

चष्मे विकणाऱ्यांचं घर आमचं, पण ती ओळ आमच्यापैकी कुणी कधी वाचली नव्हती.

"फुकट मिळतं ते असं थोडं मागे चालतं," आत्या म्हणाली. "अप्पांना त्याने काही फरक पडत नव्हता. वर्षानुवर्षं सांभाळलेल्या शेअरला पाव तासाने काय होतं? पण आपल्याला फरक पडतो. परवा भाव पडायला लागला अकराला दहा मिनिटं कमी असताना. म्हणजे ह्या पानावर तो पडताना दिसणार भोंग्यानंतर पाच मिनिटांनी, त्याआधी नाही. भोंगा झाला तेव्हा ह्या पानावर कितीचा आकडा होता, मास्तर?"

"एकशे अठरा," मास्तर पुटपुटले. त्यांचे डोळे भरून आले होते. "मी सांगितलं होतं."

"तुम्ही सांगितलंत आणि आम्ही तुम्हाला खोटं ठरवलं, कारण तुमचा आकडा बाजाराशी जुळत नव्हता. पण तो जुळायला नकोच होता! जो कुणी हे पान बघत होता, त्याला त्या क्षणी चुकीचाच भाव दिसणार. मास्तरांना चुकीचा दिसला, म्हणून ते खरे. जावईबापूंना मात्र बरोबर दिसला." आत्या त्यांच्याकडे वळली. "एकोणनव्वद. तो आकडा तुम्ही नक्की बघितलात, पण ह्या पडद्यावर नाही. थेट भाव ह्या घरात एकाच ठिकाणी दिसत होता. तुमच्या मोबाइलवर."

"असेल," जावईबापू म्हणाले. "गडबडीत मोबाइलवर बघितला असेन. ह्याच खोलीत. त्यात काय एवढं?"

"काल म्हणालात मोबाइल वर चार्जिंगला होता."

"विसरलो असेन. नाहीतर... हो, वरच होता. वर जाऊन बघून आलो असेन."

"वर नव्हता."

हे वन्सं बोलल्या. इतक्या हळू की ह्या वन्संच आहेत का, असं मला वाटलं.

"चार्जर एकच आणलाय आपण. त्याला माझा मोबाइल लावलेला होता. मी अंघोळीहून आले तेव्हा तुमचा खोलीत कुठेच नव्हता." त्या जावईबापूंकडे बघत होत्या. "तुम्ही मला म्हणालात मोबाइल वर होता, तेव्हा मला वाटलं माझ्याच लक्षात आलं नसेल."

जावईबापूंनी मोबाइल खिशात टाकला.

"दर आठवड्याला वर्गात सांगता ना, फुकटचा भाव शिळा असतो म्हणून?" आत्याने माझ्याकडून तो जाहिरातीचा कागद घेऊन मेजावर ठेवला. "खोटं बोलायची वेळ आली, तेव्हा ऐन घाईत स्वतःचाच धडा विसरलात. बघितलेला आकडा खरा सांगितलात आणि बसायची जागा खोटी सांगितलीत. मागाहून लक्षात आलं, म्हणून अप्पांचं पान काढून स्वतःचं अ‍ॅप चिकटवलंत. मोबाइल हातात होता. ह्या पडद्यापुढे असतात तर एकशे अठरा दिसला असता, म्हणजे इथे नव्हतात, आणि वरच्या खोलीतही नव्हतात. मग भोंगा झाला तेव्हा कुठे उभे होतात?"

जावईबापू खाली बसले. खुर्चीवर नाही, सरळ जमिनीवर.

"मी ढकललं नाही," ते म्हणाले. "शपथ घेऊन सांगतो. एवढंच म्हणत होतो की रविवारचं भाषण रद्द करा. सगळी माझीच माणसं येणार होती ऐकायला, क्लास बंद पडला असता. ते ऐकेनात, वर चालले. जिन्याच्या टोकाशी मी त्यांचा दंड धरला. मोबाइलवर भाव पडल्याचा इशारा वाजला म्हणून मी आकडा बघितला, तेवढ्यात त्यांनी हात झटकला आणि तोल गेला."

"आणि मग हाक न मारता इथे येऊन बसलात."

"मला वाटलं, संपलं सगळं. ते हलतच नव्हते."

"आणि पाणी?" हे मी विचारलं. माझा आवाज इतका चढला की मलाच तो ओळखू आला नाही. "पाणी कुणी ओतलं? माझी बादली दाराआडून कुणी काढली?"

ते माझ्याकडे बघेनात. वन्संनीच विचारलं, "बोला ना. माझ्या वडिलांच्या अंगावर पाणी ओतलंत तुम्ही? ते जिवंत असताना?"

त्यांनी मान खाली घातली. वन्सं उठल्या आणि माझ्या समोर येऊन उभ्या राहिल्या. नवरा माझ्या खांद्यावर हात ठेवायला आला. मी तो हात बाजूला केला. त्याच वेळी दुकानातला फोन वाजला. अप्पांनी डोळे उघडले होते.

६

आम्ही चौघं दवाखान्यात गेलो. मी, नवरा, वन्सं आणि आत्या. जावईबापूंजवळ मास्तर बसून राहिले.

अप्पांचं डोकं पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेलं होतं. चेहरा एवढासा झाला होता. वन्संना बघून त्यांचे डोळे पाणावले. वन्सं त्यांच्या पायाशी बसल्या आणि रडायला लागल्या. त्या का रडताहेत हे अप्पांना कळणं शक्य नव्हतं. घरी काय झालं ते त्यांना कुणीच सांगितलेलं नव्हतं.

"रडू नकोस गं," अप्पा म्हणाले. शब्द जड येत होते. "कुणाची चूक नाही. मीच घसरलो. जिना ओला होता."

मला आधी कळलंच नाही. आणि कळलं तेव्हा पायाखालची जमीन सरकली. ह्या माणसाला सगळं आठवत होतं. आपला दंड कुणी धरला, आपण कसे पडलो, मग वरून पाणी कसं आलं, सगळं. लेकीचा संसार वाचवायला ते खोटं बोलत होते, आणि त्या खोट्यात सून जन्मभर गाडली जाईल हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. किंवा आलं होतं. आत्या एक दिवस उशिरा आली असती तर अप्पांच्या ह्या दोन वाक्यांनंतर जगात माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नसता.

मी पलंगाजवळ गेले आणि त्यांचा हात हातात घेतला.

"अप्पा, पाणी तुम्ही पडायच्या आधी होतं की नंतर आलं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग लेकीकडे. वन्संनी तोंडावरचा पदर काढला आणि म्हणाल्या, "सांगा तिला. मला सगळं कळलंय."

माझा नवरा दारात उभा होता, तो पुढे आला नाही.

"नंतर," अप्पा म्हणाले. "मी खाली पडलेलो असताना वरून आलं. जिना आधी खडखडीत कोरडा होता. तू पुसलाच नव्हतास, पोरी."

मग ते हमसून हमसून रडायला लागले. मला त्यांचा खूप राग आला होता, तरी मी त्यांचा हात सोडला नाही.